खालच्या गावाचं पाणी: खानदेशातल्या एका उपनदीचं प्रकरण

या प्रकरणातलं शहर, गाव आणि नदी यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. मी त्या शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. या प्रकरणात मी तटस्थ मात्र नाही, कारण माझ्या घरचं सांडपाणी याच नदीत जातं. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

पार्श्वभूमी

तापी मुलताईजवळ उगवते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिचा मधला टप्पा म्हणजे आपला खानदेश. सातपुड्याकडून येणाऱ्या उपनद्या आखूड आणि उतावळ्या. दक्षिणेकडून येणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई त्या मानाने लांब आणि संथ. आपली नदी दक्षिणेकडचीच एक. वर धरण आहे, त्यामुळे दिवाळीनंतर नदीला स्वतःचं असं पाणी फारसं नसतं. धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की चार-सहा दिवस वाहते, मग नुसते डोह उरतात. पूर्वी या डोहांना उन्हाळाभर वाळूतून झिरपून पाणी मिळायचं. वाळू ट्रॅक्टर-डंपरमधून गेली, जागोजागी खडक उघडा पडला आणि ती झिरपण थांबली.

शहर नदीच्या काठावरच वाढलं. जुनं शहर नदीपात्रातल्या विहिरींचं पाणी प्यायचं. पात्रात वर कोणी कपडे धुतले किंवा म्हशी बसवल्या तरी बोंबाबोंब व्हायची, कारण तेच पाणी संध्याकाळी घरात यायचं. मग वस्ती वाढली, विहिरी पुरेनात आणि नगरपालिकेने धरणातून थेट जलवाहिनी आणली. त्या दिवशी पेढे वाटले होते, मीही खाल्ले.

त्या जलवाहिनीने दोन गोष्टी एकदम केल्या. घरोघरी पाणी वाढलं, म्हणजे घरोघरून बाहेर पडणारं पाणीही वाढलं. आणि शहराने नदीचं पाणी पिणं सोडलं, तेव्हा नदीत काय जातंय हे बघायचं कोणाला कारणच उरलं नाही.

शहराच्या खाली सात-आठ किलोमीटरवर गाव आहे. कापूस, मका, विहीर बागायतीवर थोडी केळी. गावाची नळयोजना नदीपात्रातल्या जॅकवेलवर, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीवर. तिथून टाकीत, टाकीतून नळाला. शुद्धीकरण म्हणजे टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर.

अडचण कशी समोर आली

मार्चमधल्या एका रविवारी सरपंच ताई घरी आल्या. सोबत गावचे जलसुरक्षक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सर, पानीले वास ई ऱ्हायना."

मी झाकण उघडलं. वास होता, पण गटाराचा नव्हे. औषधासारखा, किंचित उग्र. आप्पांचं म्हणणं असं की टीसीएल ते रोज टाकतात, ओटी टेस्टमध्ये, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघण्याच्या चाचणीत, पाणी रोज पिवळं होतं, वहीत रोज नोंद आहे. त्यांनी वही दाखवली, नोंदी खरंच होत्या. तरी गावात जुलाबाचे पेशंट कमी होत नव्हते आणि बायका पिण्यासाठी पुन्हा मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या होत्या.

इथे मी पहिली चूक केली. ओटी पिवळी येते, म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे टाकीपर्यंत ठीक आहे, असं मी धरून चाललो आणि पाइपलाइनमधली गळती शोधायला सांगितलं. दोन महिने गावाने गल्ल्या खणल्या. एक-दोन गळत्या सापडल्याही. फरक काही पडला नाही.

मेच्या शेवटी मी स्वतः आप्पांबरोबर टाकीवर उभा राहिलो. त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले, नळी खिशाला अडकवली आणि विडी पेटवली. विडी अर्धी झाल्यावर नळी उजेडात धरली. "बघा, पिवळी."

मी म्हटलं, "आप्पा, पुन्हा करा. या वेळी विडी नको."

नळीत थेंब पडल्यावर पहिल्या दहा सेकंदांत पाणी जवळपास पांढरंच होतं. पिवळेपणा नंतर, हळूहळू चढत गेला. मोकळा क्लोरीन ओटीला लगेच पिवळं करतो. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याला जाऊन चिकटतो, क्लोरामाइन होतं, आणि ते ओटीला सावकाश पिवळं करतं. जंतू मारायचं कामही ते सावकाशच करतं. तो औषधी वासही त्याचाच. आप्पांची वही खोटी नव्हती, फक्त ती वेगळ्याच गोष्टीची नोंद करत होती.

नदीच्या पाण्यात एवढा अमोनिया येतो कुठून, याला फार उत्तरं नाहीत. माणसाच्या लघवीतून.

हिशोब सोपा आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल हे प्रमाण गावागावांत पाठ असतं. पावडर ताजी, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची असेल, तर लिटरमागे साधारण दीड मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. पाण्यात लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम अमोनिया असला, तर तो संपवून मोकळा क्लोरीन उरायला प्रत्यक्षात ८ ते १० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे रोजच्या पाच-सहा पट पावडर. आणि गोणी उघडी राहून पावडर मेलेली असेल, तर त्याहून जास्त.

चुकलेलं निदान

नदीत घाण आहे हे ठरलं. घाण कोणाची, यावर मात्र गावाचं मत आधीच झालेलं होतं. शहराबाहेर, शहरातून नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर एक डाळ मिल आहे. आधीच्या जूनमध्ये वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या डोहात मासे उलटे होऊन तरंगले. मिलने पावसाचा फायदा घेऊन रात्री काहीतरी सोडलं, असं सगळे म्हणाले. मलाही ते पटलं. कारखान्याला दोष देणं सोपं असतं. त्याला फाटक असतं, मालक असतो, निवेदन द्यायला पत्ता असतो.

निवेदनं दिली, तपासणी झाली, हाती काही आलं नाही. यात सव्वा वर्ष गेलं.

मासे मरण्याचं खरं कारण साधं होतं, आणि ते मला एका म्हाताऱ्या भोई बाबांनी सांगितलं. त्यांच्या मते मासे दर वर्षी पहिल्या पावसालाच मरतात, कडक उन्हाळ्यात नाही. आणि मरळ मरत नाही. मी तिथेच थांबलो. मरळ पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते. म्हणजे पाण्यात विष आलेलं नसून ऑक्सिजन संपलेला होता. उन्हाळाभर नाल्याच्या तळाशी साचलेला काळा गाळ पहिला पाऊस ढवळून एका रात्रीत नदीत ढकलतो, आणि तो गाळ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतो. त्याला मिल लागत नाही, शहर पुरतं.

मग कॉलेजच्या सहा मुलांना घेऊन पाच जागा ठरवल्या: शहराच्या वर, नाल्यात, नाला मिळतो त्याच्या जरा खाली, मधला डोह, आणि गावचं जॅकवेल. दर महिन्याला नमुने घ्यायचे. पहिले तीन महिने आम्ही कॉलेज सुटल्यावर, दुपारी जायचो. ऑक्सिजन बरा यायचा. मधल्या डोहात तर शहराच्या वरच्यापेक्षाही जास्त. मुलं खूश. मलाही दोन-तीन आठवडे काही सुचलं नाही. मग पाण्याच्या हिरव्या रंगाकडे लक्ष गेलं. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजलं होतं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच तो घेतं. दुपारी दोनला नदी तपासणं म्हणजे रुग्णाला ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं.

चौथ्या महिन्यात आम्ही पहाटे पाचला गेलो. ही तपासणी ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असला तर चहासारखा तपकिरी साका खाली बसतो. नसला तर साका दुधासारखा पांढराच राहतो. आकडा नंतर प्रयोगशाळेत काढायचा, पण निकाल तिथेच काठावर दिसतो. त्या पहाटे शहराच्या वरची बाटली तपकिरी आली. बाकी चारांतल्या तीन पांढऱ्या.

शहरात काय बदललं होतं

नाल्याच्या उगमाकडे चालत गेलो तेव्हा उलगडा झाला. पूर्वी हा पावसाळी ओढा होता, जानेवारीत कोरडा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचे गेल्या पंचवीस वर्षांत एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट पडले. सुरुवातीला प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा होता. मग पाणी वाढलं, शोषखड्डे भरून वाहू लागले, लोकांनी तक्रारी केल्या, नगरसेवकांनी गटारी बांधून दिल्या. टँकचं तोंड गुपचूप गटारीला जोडलं गेलं, गटार ओढ्याला. ओढा बारमाही झाला. नकाशावर तो आजही पावसाळी आहे.

चालता चालता गटारीवरच्या एका ढाप्यापाशी थांबलो आणि ओळखीचं फाटक दिसलं. ती माझीच कॉलनी. घरी येऊन बायकोला विचारलं, आपला शोषखड्डा कुठाय? ती म्हणाली, त्यावर पार्किंगची फरशी टाकली ना, गटार झाली त्या वर्षी. त्या मिस्त्रीला पैसे मीच दिले होते.

आता जरा आकडे. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, हा नियोजनाचा नेहमीचा हिशोब. एक लाख वस्तीचं शहर म्हणजे रोज १ कोटी ८ लाख लिटर, सेकंदाला १२५ लिटर. सांडपाण्याची बीओडी, म्हणजे कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनची भूक, लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आंघोळीला योग्य नदीत ती ३ च्या आत हवी. नदीचं पाणी अगदी शून्य बीओडीचं धरलं, तरी १२५ लिटर सांडपाणी ३ वर आणायला सेकंदाला ८,००० लिटरहून अधिक स्वच्छ पाणी लागेल. जुन्या काळी वस्ती थोडी होती, मैला नदीपर्यंत येतच नव्हता आणि नदी वाहत होती. आता सांडपाणी कैक पटींनी वाढलं आणि त्याला पातळ करणारं पाणी धरणात अडलं. एकाच शहराच्या वाढीने दोन्ही टोकं ओढली, कारण धरणातून येणारी जलवाहिनीही त्याचीच.

पांझरा आणि मोसमवर फडबंधाऱ्यांची जुनी पद्धत होती. कोणाला किती पाणी, कधी, कोणाच्या नंतर, सगळ्याला नियम आणि पाणी वाटणारा पाटकरी. पाणी किती द्यायचं याची एवढी काटेकोर व्यवस्था असलेल्या या मुलखात, पाणी कसलं द्यायचं याचा नियम कधी लागलाच नव्हता, हे मला त्या नाल्याकाठी पहिल्यांदा जाणवलं.

पर्याय

मारुतीच्या पारावर बैठक झाली. पहिला पर्याय टीसीएल वाढवण्याचा. सहापट पावडरीचा खर्च ग्रामपंचायतीला झेपणारा नव्हता, आणि अमोनिया रोज बदलतो. आवर्तन सुटलेल्या दिवशी तेवढीच पावडर पडली तर पाणी तोंडात धरवणार नाही. आप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, माझ्याने रोज हा हिशोब व्हायचा नाही."

बोअरचा पर्याय फार टिकला नाही. आजूबाजूच्या बोअरचं पाणी खारट आणि मेपर्यंत पुरत नाही.

जिभाऊ म्हणून एक जुने शेतकरी आहेत. त्यांनी सुचवलं की नाल्याचं पाणी पाइपात घालून जॅकवेलच्या खाली सोडावं. काम स्वस्त होतं, माना डोलू लागल्या. ताईंनी एवढंच विचारलं, "आन मंग खालनं गाव?" त्यावर कोणी बोललं नाही, आणि तो पर्याय तिथेच मिटला. मला अजूनही वाटतं, अख्ख्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच.

उरले दोन. जॅकवेल नाल्याच्या वर, शहराच्या वरच्या अंगाला न्यायचं आणि तिथून पाइपलाइन आणायची. किंवा शहराने सांडपाणी शुद्ध करावं म्हणून पाठपुरावा करायचा. जल प्रदूषण प्रतिबंधाचा केंद्राचा कायदा १९७४ चा आहे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याहून जुनं, १९७० चं. कागदावर आधार भरपूर होता. शिवाय २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. त्यानंतर हरित लवादाने राज्यांना कृती आराखडे करायला लावले आणि एरवी फायलीत पडून राहणाऱ्या भुयारी गटार योजनांना गती आली. आपल्या शहराचीही योजना मंजूर झाली. पण ती पूर्ण व्हायला वर्षं लागणार होती, आणि गावाची मुलं आज आजारी पडत होती.

मी सल्ला दिला, दोन्ही करा. आधी जॅकवेल हलवा.

काय केलं

पालिकेत मी अहवाल घेऊन गेलो नाही. आदल्या पहाटेच्या दोन बाटल्या घेऊन गेलो, एक वरची, एक नाल्याखालची, साका बसलेल्या. अधिकाऱ्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी विचारलं, यातली खराब कुठली? पांढरी, म्हटल्यावर ते जरा चमकले. त्यांना वाटलं होतं तपकिरी. त्या गैरसमजातून अर्धा तास गप्पा झाल्या, आणि त्या अर्ध्या तासात जे काम झालं ते आधीच्या अकरा निवेदनांत झालं नव्हतं. नाल्यावरचं पंपिंग स्टेशन आराखड्यात शेवटच्या टप्प्यात होतं, ते पहिल्या टप्प्यात आलं.

अडथळा आला तो अनपेक्षित बाजूने. नाल्याकाठचे शेतकरी उन्हाळाभर त्याच पाण्यावर मोटरी टाकून भाजीपाला आणि चारा घेत होते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं तर त्यांचं पाणी जाणार. त्यांनी काम थांबवलं. शहराला जी घाण होती ती त्यांना खतासकट फुकटचं आवर्तन होती, आणि या बैठकांना आम्ही त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. शेवटी शुद्ध झालेलं पाणी आधी त्यांच्या बाजूच्या सिमेंट बंधाऱ्यात सोडायचं, असं ठरलं. पालेभाज्यांवर कच्चं सांडपाणी पडणं त्यामुळे बंद झालं, हा फायदा आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हता.

दरम्यान गावाची नवी योजना जलजीवन मिशनमधून मंजूर होऊन पूर्ण झाली.

निष्पत्ती

गावाला आता शहराच्या वरचं पाणी मिळतं. ओटी दहा सेकंदांत पिवळी होते. आप्पांनी विडी सोडलेली नाही, पण ती नळी बघून झाल्यावर पेटवतात.

शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यात अपेक्षेच्या निम्मंही सांडपाणी पोचत नव्हतं. मुख्य वाहिन्या झाल्या होत्या, घरजोडण्या राहिल्या होत्या. काही रस्ते वाहिनी टाकायच्या आधीच काँक्रीटचे झाले, आता ते फोडायला कोणी तयार नाही. वीज गेली की पंपिंग स्टेशनवरून नाला पूर्वीसारखा नदीत उतरतो.

शिवाय जे शुद्ध होतं त्याचीही एक मर्यादा आहे. शुद्ध पाण्याची बीओडी ३० असली, तर त्या १२५ लिटरला ३ वर आणायला सेकंदाला ११२५ लिटर स्वच्छ पाणी लागतं. १० असली तर सुमारे २९०. आठ हजारांवरून तीनशेवर येणं ही मोठी मजल आहे, पण एप्रिलमध्ये आपल्या नदीत ते तीनशेही नाहीत. मधल्या डोहातली पहाटेची बाटली आता फिकट तपकिरी येते. भोई बाबांच्या जाळ्यात चिलापी आणि मरळ येते, बाकी नाही. डोहावर जलपर्णी पसरली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी टाकीवर जाईन आणि घड्याळ लावून ओटी बघेन. पहिला नमुना पहाटेचा घेईन. मिलच्या फाटकाकडे जाण्याआधी भोई बाबांकडे जाईन, आणि नाल्यावर मोटरी असलेल्या प्रत्येकाला पहिल्या बैठकीला बोलावेन. पालिकेला केंद्राची क्षमता किती हे न विचारता जोडण्या किती झाल्या हे विचारेन.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. जॅकवेल आधी हलवायचा सल्ला माझा. पोरं आजारी असताना दुसरं काय सांगणार होतो? पण गावाची योजना सुरू झाल्यावर महिन्याभरात पालिकेकडचा पाठपुरावा थंडावला. ताई मोकळेपणाने म्हणाल्या, "सर, आते आम्हले वास येत नही." पंचवीस वर्षांपूर्वी शहराने केलं तेच गावाने केलं, माझ्या सांगण्यावरून. शहर आणि गाव यांच्या मधल्या त्या सात-आठ किलोमीटर नदीचं पाणी आता कोणीच पीत नाही, त्यामुळे तिच्यासाठी तक्रार करणारंही कोणी उरलं नाही. योजना मंजूर करतानाच जुन्या जॅकवेलवर दरमहा पहाटेची तपासणी चालू ठेवायची अट घालून घेता आली असती. तेव्हा सुचली नाही. आता त्या जॅकवेलचा पंपही काढून नेला आहे.

माझ्या घराची जोडणी गेल्या वर्षी झाली. पार्किंगची फरशी फोडली, जुना टँक उपसला, पाइप नव्या वाहिनीला दिला. आमच्या गल्लीत एकोणीस घरं आहेत, त्यांपैकी सात अजून गटारीलाच आहेत. दोघांचं म्हणणं, चेंबर त्यांच्या ओट्यापेक्षा उंच झालंय, पाणी चढणार कसं. ते खरं आहे, मी स्वतः लेव्हल ट्यूब लावून बघितली. बाकी पाच जण म्हणतात, दिवाळीनंतर बघू.